आधी विहीर दाखवा

ज्याने गावच्या विहिरीचं पाणी चाखलेलं नाही, त्याने मला त्या गावचा समुद्र विकायला येऊ नये. माझी एवढी एकच अट आहे. गेल्या दोन वर्षांत अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेपासून आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत, सहा जणांनी मला कोकण किनाऱ्यावरचं परवडणारं घर विकायचा प्रयत्न केला. सहाही जणांना मी विचारलं, गावची विहीर कुठे आहे आणि मे महिन्यात तिला पाणी किती असतं? एकालाही सांगता आलं नाही. त्यातल्या एका मुलाने बॅगेतून सीलबंद बाटली काढून माझ्यापुढे धरली. त्याला वाटलं, काकूंना तहान लागलीय. मुलगा गुणी होता. लबाड आहे तो त्याचा मालक.

या मंडळींना माझ्या दोन गोष्टी अडचणीच्या ठरतात. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली, म्हणून कागद मला वाचता येतो. आणि माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं, म्हणून खारा वारा मला कोणी शिकवायला नको. किनारा स्वस्त असतो म्हणजे काय, हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. त्यामुळे ही पत्रकं हातात आली की मी ती फेकून देत नाही. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

तुम्हीही वाचा माझ्याबरोबर. पहिल्या ओळीत गर्दीपासून दूरचा निवांतपणा असतो. चौथ्या ओळीत दीडशे कुटुंबांनी आधीच नोंदणी केल्याची खुशखबर. दीडशे कुटुंबं एका आवारात निवांतपणा विकत घेतात, तेव्हा तो उरतो कुठे? वर लिहितात, मुंबईच्या धकाधकीतून सुटका. खाली लिहितात, मुंबई फक्त अडीच तासांवर. घर सामान्य माणसाला परवडणारं आहे असं एका परिच्छेदात सांगतात आणि पाच वर्षांत भाव दुप्पट होणार असं पुढच्या. मग पाच वर्षांनी येणाऱ्या सामान्य माणसाने काय करायचं? त्याच पत्रकात निसर्गाची कूस आहे आणि प्रत्येक खोलीला एसीही आहे. न्यायशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात. आमच्या आळीत याला थापा मारणं म्हणतात, आणि मला आमच्या आळीचा शब्द जास्त अचूक वाटतो.

पण माझा खरा राग आहे तो स्विमिंग पूलवर. समुद्र चार पावलांवर आहे म्हणून घर घ्या म्हणतात आणि पोहायला आवारात तलाव बांधतात. तो तलाव भरतात बोअरवेलच्या गोड्या पाण्याने. या एका गोष्टीत सगळा व्यवहार उघडा पडतो, म्हणून इथे थोडं थांबते.

किनाऱ्याची जमीन वाळूची. पावसाचं गोडं पाणी त्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. एका डच आणि एका जर्मन अभियंत्याने हे सूत्र शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मांडलं. आता तेच सूत्र उलटं वाचा. वरची पातळी १ मीटरने उतरली, की खालून खारं पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळं. माझ्या आजीला हे गणित माहीत नव्हतं, पण तिला विहीर माहीत होती. आमच्या विहिरीवर रहाट होता. बैल दमेपर्यंत पाणी निघायचं. बैल दमला की विहिरीलाही विसावा मिळायचा आणि रात्रीतून ती पुन्हा भरायची. बोअरवेलचा पंप दमत नाही. बटण दाबलं की तो खेचतच राहतो, आणि एका एप्रिलमध्ये शेजारच्या वाडीतल्या बाईला आमटी खारट लागते. मीठ तर तिने नेहमीचंच घातलेलं असतं.

विहीर अशी एकदा खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. पोफळ मरते, केळ मरते, नारळ तेवढा तग धरून राहतो. ज्या हिरव्या वाडीचा फोटो पत्रकावर छापला, ती वाडी त्या पत्रकातल्याच पूलने मारली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात बाया हंडे घेऊन फिरतात. त्या हंड्यांसमोर ज्याला निळ्या फरशीचा तलाव बांधावासा वाटतो, त्याला मी विकासक म्हणणार नाही. माझ्या आजीकडे त्याच्यासाठी वेगळा शब्द होता. तो इथे छापता येणार नाही.

आता कागद.

‘बीच टच’ हा शब्द कानावर आला की मी मनातल्या मनात टेप उलगडते. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. तेव्हापासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांत नवं बांधकाम करायला बंदी. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहतात तिथे, ही पट्टी ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीत ती २०० मीटरच राहिली. आता सांगा, ज्या गावाची विरळ वस्ती हीच पत्रकाची मुख्य जाहिरात आहे, तिथे किनाऱ्याला चिकटून नवं घर कुठल्या नियमात बसतं? माणसं कमी म्हणून घर घ्या म्हणता, आणि माणसं कमी म्हणूनच ते घर बेकायदा ठरतं. हे विक्रेत्याला समजावून सांगायला मला एकदा पाऊण तास लागला. शेवटी तो म्हणाला, काकू, सगळ्यांनी बांधलंय.

सगळ्यांनी बांधलंय! या दोन शब्दांवर आपल्याकडे गावंच्या गावं उभी आहेत. किहीमला नीरव मोदीनेही बांधलं होतं. ८ मार्च २०१९ला तो बंगला सुरुंग लावून उडवला. केरळात मराडूला खाडीकाठी चार मोठ्या इमारती होत्या. त्यांतले रहिवासी रीतसर कर्ज काढून, रीतसर नोंदणी करून आत राहायला गेलेले. सीआरझेड मोडला म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२०ला त्या पाडल्या. फ्लॅटमागे अंतरिम भरपाई २५ लाख. मी ती दृश्यं टीव्हीवर बघितली आणि रात्री झोपले नाही. त्या इमारतींची कर्जं कुठल्यातरी टेबलावर माझ्यासारख्याच कुणीतरी मंजूर केली असणार, याच विचाराने.

शेतजमिनीची गंमत आणखी वेगळी. १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तर हे लोक दोन वाटा सुचवतात. एक, शेतकरी असल्याचा दाखला आम्हीच काढून देतो. दोन, जमीन कंपनीच्या नावावर राहील, तुम्हाला वापराचा हक्क मिळेल. पहिली वाट खोट्या कागदाची आहे. दुसऱ्या वाटेवर तुम्ही घर विकत घेतच नाही, आयुष्याची पुंजी देऊन दुसऱ्याच्या जमिनीवर पाहुणे म्हणून राहता. बिगरशेती प्लॉट असेल तर आदेशाची प्रत मागा. ५०० चौरस मीटरांच्या वरचा प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर मागा. सातबारावर किती नावं आहेत ती मोजा. मी एका सातबारावर तेवीस नावं मोजली होती. त्यांतली चार माणसं वारलेली होती. सह्या मात्र सगळ्यांच्या तयार होत्या.

तुम्ही म्हणाल, बाई अंबरनाथला राहते आणि किनाऱ्यावर जळते. नाही. अंबरनाथला राहते म्हणूनच बोलते. स्वस्त घर म्हणजे काय हे आमच्याइतकं कोणाला कळणार? विम्कोची काडेपेटी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या आधाराने वाढलेलं हे गाव. १९९४ साली आम्ही नवरा-बायकोने इथे पश्चिमेला घर घेतलं, कारण ठाण्यात घेणं शक्य नव्हतं, डोंबिवलीतही नव्हतं. बिल्डरने चोवीस तास पाणी सांगितलं होतं. आलं दिवसाआड, तेही पहाटे. माझं ऑफिस फोर्टात. अंबरनाथ ते सीएसएमटी, जायला दीड तास, यायला दीड तास. वर्षाचे तीनशे दिवस धरा. २०२१ला निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं. बेरीज केली तर २४,३०० तास होतात. पावणेतीन वर्षं, रात्रंदिवस, लोकलमध्ये. त्यातली बरीचशी उभ्याने. घराच्या किमतीतला हा हिस्सा करारनाम्यात कुठे लिहिलेला नव्हता.

आणि नदी. पूर्वेला आमचं शिवमंदिर आहे, शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं, शिलाहारांनी बांधलेलं. त्याच्या पायथ्याशी वालधुनी वाहते. हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी त्या पाण्याकाठी दगडात इतकं देखणं काम केलं, आणि आपण दोन पिढ्यांत ती नदी रसायनांचं गटार करून टाकली. नोव्हेंबर २०१४मध्ये उल्हासनगरात त्याच नदीत टँकरने रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोक दवाखान्यात पोचले. तिकडे बदलापुरात उल्हास नदी. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, देशभर बातमी झाली. त्या नदीच्या पूररेषेला खेटून आजही घरं विकली जातात. जाहिरातीत त्याला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात. जुलैत नदीच जिना चढून घर बघायला येते.

म्हणून मी या समुद्रवाल्यांना ओळखते. ती हीच माणसं आहेत. आधी त्यांनी आम्हाला नदी विकली, आता समुद्र विकायला आलेत. पद्धतही तीच. जे कोणाच्या मालकीचं नाही त्याचे पैसे घ्यायचे आणि जे द्यायला हवं, पाणी, रस्ता, डॉक्टर, ते द्यायचं नाही. दर कमी दिसतो तो यामुळे. वजाबाकी करून आलेला आकडा आहे तो.

रस्त्याचं एका वाक्यात सांगते: पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग २०११ साली रुंदीकरणाला काढला, तेव्हा माझी भाची पहिलीत होती, आता ती नोकरीला लागली, आणि खड्डे चुकवत माहेरी जाताना तिची आई अजून गणपतीचा धावा करते.

आमच्या श्रीवर्धनकडची जुनी घरं बघा. एकही समुद्राकडे तोंड करून उभं नाही. रस्त्याला लागून घर, घरामागे वाडी, वाडीच्या टोकाला केवड्याचं बन, मग वाळू, मग समुद्र. पूर्वजांना सौंदर्यदृष्टी नव्हती असं कोणाला वाटत असेल तर त्याने जून महिन्यात तिथे उभं राहून बघावं. वाऱ्याचा पहिला मार केवड्याने झेलायचा, दुसरा माडांनी, उरलेला घराने. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, कारण चिऱ्याच्या भिंतीत गंजायला लोखंडी सळी नसते. सिमेंट-काँक्रीटमध्ये ती असते. खारी हवा आत शिरते, सळी गंजते, गंजून फुगते आणि बाहेरचा थर फोडून टाकते. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळीवर निदान ४५ मिलिमीटर आवरण हवं, असं भारतीय मानक सांगतं. साइटवर गेलात तर सळीखाली ठेवलेले ठोकळे बघा आणि पट्टीने मोजा. मी मोजले होते. वीस भरले. मुकादम म्हणाला, मॅडम, प्लास्टरमध्ये कव्हर होतं ना सगळं.

३ जून २०२०ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत एकशेवीसचे. माहेरी माझ्या दादाच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी दोन तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे आमची सुपारी, हे तिथल्या घरांचं वर्षाचं उत्पन्न. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. कित्येक आठवडे वीज नव्हती. शेजारच्या नव्या वसाहतीतल्या बंगल्यांचे पत्रे उडून दादाच्या अंगणात पडले. त्याने ते गोळा केले, रचून ठेवले, ज्यांचे नंबर होते त्या मालकांना फोन केले. बंगले बंदच होते, ते वर्षातले अकरा महिने बंदच असतात. मालक आले दिवाळीत. करोनाचे दिवस होते, प्रवास अवघड होता, मान्य. पण गावात कोण जिवंत आहे हे विचारायला फोन पुरला असता. एकाने केला. त्याने विचारलं, इन्व्हर्टर ठीक आहे का?

गावात घर घेणं आणि गावात राहणं यात हा फरक आहे. कुलूप लावलेल्या घरांनी गाव वाढत नाही. शाळेत पोर वाढत नाही, दूधवाल्याचा रतीब वाढत नाही, एसटीची फेरी वाढत नाही. वाढतो तो फक्त जमिनीचा भाव, आणि तो इतका वाढतो की कोळीवाड्यातल्या लग्न झालेल्या पोराला आपल्याच गावात दोन खोल्या बांधता येत नाहीत. ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज् नावाचं गाव आहे. तिथे हेच झालं. मे २०१६मध्ये गावाने सार्वमत घेतलं आणि ८० टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवलं की यापुढे नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळतील. आपल्या ग्रामसभेत असा ठराव आला तर काय होईल? तो आणणाऱ्याला विकासविरोधी म्हणतील. तसं मला कधीच म्हणून झालंय. मग मी विचारते, विकास झाला कोणाचा, त्याचं नाव सांगा. तेव्हा वॉचमनचं नाव सांगतात. ज्याची वाडी होती, तो आता त्याच वाडीच्या फाटकावर गणवेश घालून बसतो, आणि याला रोजगारनिर्मिती म्हणतात.

आम्ही कोकणी लोकही यात निर्दोष नाही, हे मला लिहायलाच हवं. वाडी विकतं कोण? आमचाच चुलतभाऊ. तो गोरेगावला राहतो, गणपतीला येतो, वाटणीवरून भांडतो आणि शेवटी वैतागून म्हणतो, विकून टाका, सगळे मोकळे होऊ. दादा एकटा वाडी शिंपतो आणि सातबारावर त्याच्याइतकाच हक्क असलेले अकरा जण शहरातून भाव विचारतात. दलाल आमच्या भांडणाचा वास घेत येतो. आमचं भांडण नसतं तर त्याला किनाऱ्यावर पाऊल टाकता आलं नसतं.

खरंच समुद्राकाठी राहायला जायचंय अशी माणसं असतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांना मी एकच सांगते. वर्षभर भाड्याने राहा. मे महिना काढा, जुलै काढा, आठवडाभर लाइट नसलेल्या रात्री काढा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुठे जायचं, रस्ता कुठला, गाडी कोणाची, हे शेजाऱ्याला विचारून ठेवा. शेजारी आहे का, हे त्याच्याही आधी बघा. त्यानंतर घ्या घर, गावठाणातलं जुनं चिऱ्याचं घ्या, दुरुस्त करा, ग्रामसभेला जा, भांडा. गाव तुम्हाला आपलं म्हणेल.

हे सगळं आत्ता, घाईने लिहितेय त्याला कारण आमच्या तळमजल्यावरचे काका आहेत. फॅक्टरीतून निवृत्त झाले. काकी गेल्यापासून एकटे. काकींना समुद्र आवडायचा. परवा त्यांनी मला पत्रक दाखवलं, तेच, निळ्या तलावाचं. रविवारपर्यंत टोकन दिलं तर सूट आहे म्हणे. पैसे फंडाचे आहेत, दुसरे नाहीत. बोलताना ते सारखे काकींच्या फोटोकडे बघत होते, म्हणून समोर बसून मला हे सगळं बोलता आलं नाही. घरी आले आणि लिहायला बसले.

काका, रविवारी टोकन देऊ नका. सूट मे महिन्यात मागा. देणारा खरा असेल तर तेव्हाही देईल. मे महिन्यात आपण दोघं जाऊ, दादाकडे उतरू, तिथून ती जागा बघू. तुमच्या पत्रकावरच्या जागेच्या मागे एक वाडी आहे, तिच्यात विहीर असणारच. वाडीवाल्याला विचारून पोहरा सोडू. पाणी आधी मी चाखते, मग तुम्ही चाखा. आणि कागदांची पिशवी माझ्याकडे द्या, सातबारा मी आजच रात्री वाचते.